बाई, तुमच्या बारा आठवड्यांसाठी

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

परदेशातल्या विद्यापीठात डिग्रीचे वर्ग सुरू होण्याआधी जे प्री-सेशनल इंग्रजी शिकवतात, ते तुम्ही वर्षानुवर्षे शिकवत आला आहात. तिकडचा हंगाम सुरू व्हायच्या आत तुम्ही गावी आलात आणि बेळगाव, खानापूर, निपाणी इथे संध्याकाळचे वर्ग घेणाऱ्या आम्हा शिक्षकांना तेच काम आपल्या मुलांच्या बेताने बसवून दिलेत. मिरगाच्या पावसात सुरू करायचे, गणपतीच्या सुमारास संपवायचे. बारा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज दोन तास. त्याबद्दल हे पत्र. खासगीत लिहिता आले असते, पण तुम्ही दिलेले सीमाभागातल्या प्रत्येक शिक्षकाच्या आणि मुलांना मास्टर्सला पाठवणाऱ्या प्रत्येक घराच्या कामाचे आहे, म्हणून जाहीर लिहितो आहोत.

सर्वांत आधी आभार एका स्पष्ट बोलण्याचे. आयईएल्टीएस या परदेशी प्रवेशासाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेत साडेसहा बँड (गुणांची पायरी) आला की घरी पेढे येतात आणि इंग्रजीचे काम संपले असे सगळे धरून चालतात. तुम्ही त्या परीक्षेचा लेखनाचा पेपर आमच्यापुढे ठेवलात. एक तास, दोन उत्तरे, एक किमान १५० शब्दांचे आणि एक किमान २५० शब्दांचे. त्यात एकही लेख वाचून त्याचा आधार द्यावा लागत नाही. विद्यापीठात मात्र पहिलाच निबंध २,००० शब्दांचा असू शकतो. त्यासाठी आठ-दहा लेख वाचायचे, कोण काय म्हणतो ते वेगवेगळे ठेवायचे आणि त्यात आपले म्हणणे काय ते दाखवायचे. बँडच्या परीक्षेत हे तपासलेच जात नाही. त्या परीक्षेसाठी पाठ केलेली ‘इन धिस मॉडर्न एरा’सारखी सुरुवात तिथल्या निबंधात आली की प्राध्यापक पहिल्या ओळीलाच थबकतो, कारण त्या ओळीत सांगितलेले काहीच नसते.

मांडणीचा धडा तुम्ही मराठीतून सुरू करायला लावलात, हे आम्हाला सुचले नसते. घरी येणाऱ्या पेपरातला अग्रलेख घ्यायचा आणि लेखकाचे स्वतःचे म्हणणे कुठल्या वाक्यात आहे त्याखाली रेघ मारायची. ते बहुतेक वेळा खाली, शेवटाकडे सापडते. आपल्याकडे आधी पार्श्वभूमी, मग दाखला, एखादी ओवी किंवा म्हण, आणि मग मुद्दा. यात चुकीचे काही नाही, आपल्या वाचकाला तसेच भावते. इंग्रजी विद्यापीठातला वाचक मात्र परिच्छेदाच्या पहिल्या-दुसऱ्या वाक्यात मुद्दा शोधतो, आणि तिथे नसेल तर मुद्दाच नाही असे समजतो. म्हणून तोच अग्रलेख आधी मराठीत उलटा लिहायचा, मुद्दा वर आणून. मग तो इंग्रजीत न्यायचा. परिच्छेद १२० ते १८० शब्दांचा: मुद्दा, त्याचा खुलासा, पुरावा आणि तो कुठून आला, आणि त्या पुराव्यातून काय ठरते. यातली चौथी गोष्ट मुले हमखास सोडतात. आकडा ठेवतात आणि पुढच्या परिच्छेदाला लागतात. तुम्ही समासात फक्त ‘म्हणजे काय?’ एवढे दोन शब्द लिहायला सांगितलेत. त्याने जितके काम होते तितके पानभर लाल शेऱ्यांनी होत नाही.

वाक्याच्या लांबीचे कारणही तुम्हीच दाखवलेत. मराठीत ‘उठून, तोडून, भरून, नेऊन’ अशी चार-पाच कामे एका वाक्यात सहज बसतात, कन्नडातही बसतात. तेच इंग्रजीत गेले की ‘अँड... अँड... अँड’ होते आणि कर्ता हरवतो. तुमचा नियम आम्ही फळ्यावर कायमचा लिहून ठेवला आहे: तिसरे ‘-ऊन’ आले की पूर्णविराम.

आणि गुऱ्हाळ! बाई, प्रक्रियेचे वर्णन शिकवायला तुम्ही गुऱ्हाळ घेतलेत, तो दिवस सगळ्या शिक्षकांच्या लक्षात आहे. संकेश्वर-निपाणीकडच्या मुलाला विषय समजावून द्यावा लागत नाही. ऊस चरकात गाळतात, रस काहिलीत तापवतात, भेंडीचा चीक किंवा चुन्याची निवळी घालून मळी वर आणतात आणि झाऱ्याने काढून टाकतात, पाक साधारण ११८ अंश सेल्सिअसला आला की काहील उतरवून निवायला पसरट वाफ्यात ओततात, घट्ट होऊ लागला की साच्यात भरून ढेप करतात. माहिती पक्की असल्यामुळे सगळे लक्ष भाषेवर राहते. कोण ओततो याला महत्त्व नाही, म्हणून ‘द सिरप इज पोर्ड’. पण पाक घट्ट होतो तो आपोआप, म्हणून तिथे ‘द सिरप थिकन्स’. मुलांना एकदा कर्मणी प्रयोग सापडला की ती ‘इज हॅपन्ड’, ‘इज ऑकर्ड’ लिहू लागतात. ही क्रियापदे कर्मच घेत नाहीत, तर त्यांचा कर्मणी प्रयोग कुठून होणार, हे काहिलीशेजारी उभे राहून जसे कळते तसे व्याकरणाच्या पुस्तकातून कळत नाही.

त्याच परिच्छेदात ‘अ’ आणि ‘द’ही येतात. मराठीत नाहीत, कन्नडात नाहीत, त्यामुळे आपल्या मुलाला दोन्ही बाजूंनी आधार नाही. काहील पहिल्यांदा आली की ‘अ लार्ज पॅन’, दुसऱ्यांदा आली की ‘द पॅन’, कारण आता वाचकाला कुठली ते माहीत झाले. आणि ११८ अंशच का, याचे एक वाक्य तुम्ही सक्तीचे केलेत: आधी उतरवला तर गूळ धरत नाही, उशीर झाला तर रंग काळवंडतो. केवळ वर्णन आणि कारणासह वर्णन यांतला फरक तिथे गुण ठरवतो, आणि तो एका वाक्याइतकाच असतो.

‘असावा’बद्दल खास आभार. ठामपणा कुठे किती ठेवायचा, हे इंग्रजीत शिकवताना आम्ही ‘मे’, ‘माइट’, ‘सजेस्ट्स’ यांच्या याद्या देत होतो. तुम्ही म्हणालात, हे मराठीत आहेच. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर घ्या. ‘धरणातल्या विसर्गामुळे पूर आला’ आणि ‘पुरात विसर्गाचाही वाटा असावा’ या दोन वाक्यांतला फरक आपल्या आजीलाही कळतो. हाती एकच अहवाल असेल तर दुसरे वाक्य, ‘मे हॅव कॉन्ट्रिब्यूटेड’. फक्त एका वाक्यात एकदाच. ‘मे पॉसिब्ली’ असे दुहेरी झाले की लेखकाला काहीच म्हणायचे नाही असे वाटते.

दुसऱ्याचे लिखाण आपल्या शब्दांत मांडणे हा सगळ्यांत अवघड भाग, आणि नुकसानही इथेच मोठे होते. आपल्याकडे दहावीपर्यंत उत्तर जसेच्या तसे लिहिले की पूर्ण गुण मिळतात. मुलाने चोरी केलेली नसते, शिकवले तेच केलेले असते. तिथे मात्र टर्निटिनसारखे सॉफ्टवेअर जुळणाऱ्या शब्दांच्या ओळी रंगवून दाखवते आणि चौकशी मागे लागते. हे टाळायला मुले एकेक शब्द बदलतात, ‘ग्राउंडवॉटर’च्या जागी ‘अंडरग्राउंड लिक्विड’ करतात. त्याने संज्ञा मोडते, आणि वाक्याचा सांगाडा मूळचाच राहतो, म्हणजे दोष तसाच राहतो. तुमची रीत अशी: उतारा दोनदा वाचा. पुस्तक मिटा. काय समजले ते मराठीत पाच-सहा शब्दांत टिपा. दहा मिनिटे दुसरे काही करा. मग मराठी टिपणावरून इंग्रजी लिहा, आणि शेवटी मूळ उतारा उघडून अर्थ घसरला का आणि सलग चार-पाच शब्द तेच आले का ते ताडून पाहा. संज्ञा बदलायच्या नाहीत. लेखकाचे नाव आणि वर्ष टिपण काढतानाच लिहायचे. निबंध झाल्यावर घालू म्हटले की निम्मे सापडत नाहीत. आणि शब्द स्वतःचे असले तरी विचार दुसऱ्याचा आहे, म्हणून आधार द्यायचाच, हे प्रत्येक आठवड्याला पुन्हा सांगायचे.

त्या मराठी टिपणाने एक जुनी भीती गेली. ‘वर्गात मराठी बोलू नका’ अशी पाटी लावण्याची पद्धत आपल्याकडे आहे. बसमध्ये कंडक्टरशी कन्नड, घरी मराठी, खानापूरच्या काही घरांत कोंकणी, अशा मुलाला माणूस पाहून भाषा बदलण्याची सवय लहानपणापासून असते. निबंधाचे इंग्रजी, ईमेलचे इंग्रजी आणि कँटीनचे इंग्रजी वेगळे, हे त्याला एकदा दाखवले की पुरते.

शब्दसंग्रहाचे थोडक्यात: न्यूझीलंडच्या अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली काढलेली, विद्यापीठीय लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची (एक मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक कुटुंब) यादी आम्ही पूर्वी एकदम वाटत होतो आणि ती फाइलमध्ये पडून राहत होती. आता पहिल्या दोन गटांतली १२० कुटुंबे, आठवड्याला दहा, एवढीच. प्रत्येक शब्द त्याच्या जोडीदारासह शिकवायचा (रिसर्च ‘कंडक्ट’ करतात), आणि जोर कुठे येतो तेही. ‘अॅनलाइझ’मध्ये पहिल्या अवयवावर (म्हणजे सिलॅबलवर), ‘अनॅलिसिस’मध्ये दुसऱ्यावर, ‘अॅनलिटिकल’मध्ये तिसऱ्यावर. मराठीत आपण सगळे अवयव जवळपास सारख्या जोराने म्हणतो, म्हणून मुलाचे इंग्रजी बरोबर असूनही तिकडे ‘पार्डन?’ ऐकावे लागते. मुलांना वाटते उच्चार गोऱ्या माणसासारखा नाही म्हणून. खरे कारण जोर.

लेक्चरच्या टिपणांसाठी तुम्ही कॉर्नेल पद्धतीचे पान आखून दिलेत. डावीकडे अडीच इंच समास, खाली दोन इंच जागा, उरलेल्यात टिपणे. लेक्चर चालू असताना फक्त उजवीकडे लिहायचे. त्याच दिवशी डावीकडे प्रश्न काढायचे आणि खाली तीन ओळींत सार. स्लाइड उतरवून घ्यायची नाही, ती नंतर मिळते. बोलणारा स्लाइडबाहेर काय म्हणतो ते टिपायचे. आकड्यांचा सराव रोज पाच मिनिटे. आपला मुलगा लाखात विचार करतो, तिथे मिलियन ऐकू येते. साडेबारा लाख म्हणजे ‘वन पॉइंट टू फाइव्ह मिलियन’, आणि स्वल्पविरामही सरकतो: आपले १२,५०,०००, त्यांचे १,२५०,०००. घाईत दहापट चूक होते, आणि ती आलेखाखाली छापून येते.

ईमेल पाच ओळींचा. विषयात मॉड्यूलचा (म्हणजे त्या अभ्यास-विषयाचा) कोड, पहिल्या ओळीत काम, मग एकच प्रश्न. ‘रिस्पेक्टेड सर’ आणि ‘काइंडली डू द नीडफुल’ दोन्ही गाळायचे. सेमिनारमध्ये वडीलधाऱ्यांचे बोलणे तोडायचे नाही या संस्काराने मुले तासभर गप्प बसतात. त्यांना ‘कुड आय अॅड समथिंग हिअर?’ एवढे एक वाक्य तोंडात बसवून पाठवायचे. त्याने आदर कमी होत नाही, हे तुम्ही ज्या मायेने सांगितलेत त्याच मायेने आम्ही सांगतो.

तपासणीबद्दलही सांगायला हवे. आम्ही प्रत्येक चूक दुरुस्त करत होतो; मुले दुरुस्ती उतरवून काढत होती आणि पुढच्या वहीत तीच चूक येत होती. आता एका निबंधाचे तीन खर्डे. पहिल्यात फक्त मांडणी आणि पुरावा, दुसऱ्यात चुकांचे दोनच प्रकार, तेही खूण करून सोडायचे, दुरुस्ती मुलाने करायची. तिसऱ्यात संदर्भ आणि शब्दसंख्या. वेळ जास्त लागत नाही, फक्त शिक्षकाला हात आवरावा लागतो.

आणि पालकांसाठी तुम्ही दिलेला तो कागद. ब्रिटनमध्ये मास्टर्सला साधारणपणे ५० ला पास, ६० ला मेरिट, ७० ला डिस्टिंक्शन. इथे ८५ टक्के मिळवणारी मुलगी तिथून ६२ सांगते तेव्हा घरच्यांचा आवाज पडतो, आणि तिला तो फोनवर ऐकू येतो. आता हा कागद मूल निघण्याआधी घरी पोचतो, मराठीत आणि कन्नडात.

नवी तुकडी जूनच्या पहिल्या आठवड्यात बसते आहे. गुऱ्हाळाच्या धड्याला जोड म्हणून उद्यमबागेतल्या फाउंड्रीतला वाळूचा साचा आम्ही लिहून काढला आहे, इंजिनीअरिंगच्या मुलांसाठी. सोबत पाठवतो आहोत. त्यात ‘इज सॉलिडिफाइड’ बरोबर की ‘सॉलिडिफाइज’, यावर आमच्यात दोन मते पडली आहेत. तुमच्या समासातल्या दोन शब्दांची वाट पाहतो.

कळावे, लोभ आहेच, तो वृद्धिंगत व्हावा.

तुमचे,
बेळगाव, खानापूर आणि निपाणीचे संध्याकाळच्या वर्गांचे शिक्षक