सायकली आहेतच कुठे?

महोदय,

निषेध म्हटला की मोर्चा, फलक, घोषणा डोळ्यांसमोर येतात. रोज सायकलने कामावर जाणारा यातलं काहीच करत नाही. एक पाय पेडलवर, दुसरा जमिनीला टेकवून तो सिग्नलला उभा असतो. मागची मोटार हॉर्न वाजवून ‘कडेला हो’ सांगते. दिवा हिरवा झाला की तो आपल्याच वेगाने, आपल्याच जागेतून निघतो. रस्ता कोणाचा, हा वाद तेवढ्यात होऊन जातो.

यात राजकारण कसलं, असं कुणी म्हणेल. १९६५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या ‘प्रोव्हो’ या व्यवस्थाविरोधी गटातल्या तरुणांनी काही सायकली पांढऱ्या रंगवून, कुलूप न लावता, वाटेल त्याने वापराव्यात म्हणून रस्त्यावर ठेवल्या. पोलिसांनी त्या उचलून नेल्या. कारण काय, तर बिनकुलपाची सायकल ठेवणं बेकायदा! पुढे १९७१ या एका वर्षात नेदरलँड्समध्ये रस्ते अपघातांत ३,०००हून अधिक माणसं गेली, त्यांत ४००हून अधिक मुलं. तेव्हा पालकच रस्त्यावर उतरले. तिथले सायकलमार्ग काही आपोआप उगवलेले नाहीत.

मी सायकल चालवतो ती गुडघ्यांसाठी आणि थोडी हट्टापायी. क्रांती वगैरे डोक्यात नसते. पण रस्ता रुंद करताना सायकलची पट्टी का नाही, असं विचारलं की ‘सायकली आहेतच कुठे?’ हे उत्तर ठरलेलं. म्हणून पावसातही सायकल काढतो. मोजणाऱ्याला निदान एक तरी दिसावी.

— एक सायकलस्वार वाचक