भगूरच्या काकांना जाहीर आभार

काका, सा. न.

समोर आभार मानायला लागलो की तुम्ही "चहा घे" म्हणून विषय बदलता. म्हणून इथे, चारचौघांत लिहितोय.

सातपूरचं कंत्राट संपून मी घरी बसलो होतो, तेव्हा शहरातल्या एका एजंटने कॅनडातल्या स्नोमोबाईलच्या, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाड्यांच्या, सीझनचं गाजर दाखवलं. त्याच्या फीसाठी आईच्या बांगड्या गहाण पडल्या. व्हिसा "पुढच्या आठवड्यात" येत राहिला आणि एक दिवस त्याचा फोनच बंद झाला. एसी ऑफिस, काचेचं टेबल सगळं होतं. पण मला काय काम येतं, हे त्या माणसाने एकदाही विचारलं नाही.

तुम्ही पहिल्या भेटीतच टू-स्ट्रोकचा कार्बोरेटर पुढ्यात ठेवलात. म्हणालात, "खोल." मी खोलला, जेट साफ करून परत बसवला. शाबासकी नाहीच. फौजेत ईएमईत, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, असताना सियाचीनला स्नो स्कूटर कशा सांभाळायचात, तेच सांगत बसलात. रात्री गाडी फळ्यांवर उभी करायची, नाहीतर रबरी ट्रॅक बर्फाला गोठून चिकटतो. सकाळी इंजिन आणि बेल्ट गरम होईपर्यंत रेस द्यायची नाही. बर्फ पातळ असेल तर ट्रॅकच्या आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्या घासून वितळतात, कारण त्यांचं वंगण म्हणजे बर्फच. पुढे काश्मीरात, गुलमर्गला कामाला लागलो तेव्हा यातला शब्द न् शब्द कामी आला.

पण खरे आभार त्या फोनचे. गुलमर्गच्या पायथ्याच्या टंगमर्गचे स्नो बाईकवाले पगार सांगत होते आणि मी आकडा ऐकूनच मान डोलवत होतो. तुम्ही हाताने मला थांबवलंत आणि स्पीकरवर विचारलंत, "और बर्फ नहीं गिरी तो लड़का क्या खाएगा?"

पलीकडे क्षणभर शांतता. 2024 च्या जानेवारीत गुलमर्ग कोरडं पडलं होतं, ऐन सीझनमध्ये तपकिरी कुरणं. तिथे हंगामी माणसाचा पगार ढगांच्या हातात असतो, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही मात्र बर्फ असो नसो, निम्मा पगार, दोन वेळचं जेवण आणि बुखारी, म्हणजे ऊब देणारी शेगडी, असलेली खोली एवढं कबूल करून घेतल्याशिवाय फोन ठेवला नाहीत. पुढे बर्फ खरंच लांबला. बरोबरची कितीतरी पोरं उधारीवर जेवत होती, काही परत गेली. मी टिकलो. चिल्लई कलानच्या थंडीत, 21 डिसेंबरपासूनच्या त्या चाळीस दिवसांत, पाना हाताला चिकटायचा. पण रात्री पाठ बुखारीला लावून झोपायला मिळायचं.

नंबर देणारे, "माझं नाव सांग" म्हणणारे पुष्कळ भेटले. दुसऱ्याच्या पोराच्या जेवणाची चौकशी करायला मात्र माणूस आतून चांगला असावा लागतो, काका. तुम्ही ना कमिशन घेतलंत, ना पेढे. माझ्या वडिलांनी विचारला असता, तो प्रश्न तुम्ही विचारलात. ते असते तर स्वतः भगूरला येऊन तुमच्या पाया पडले असते.

आईच्या बांगड्या सोडवल्या. मालकांनी येत्या सीझनला परत बोलावलंय, सोबत आणखी एक मेकॅनिक हवाय म्हणतात. आमच्या गल्लीतला आयटीआय झालेला एक मुलगा आहे, हाताला चांगला आहे. रविवारी त्याला घेऊन येतो. कार्बोरेटर काढून ठेवा.