घरी न्या म्हणता, मग लिफ्ट का बंद करता?

महोदय,

कालच्या अंकातलं ‘एवढा पुळका आहे तर घरी न्या’ हे वाचकपत्र वाचल्यापासून स्वस्थ बसवत नाही. भटक्या कुत्र्यांबद्दल काही छापून आलं की हे वाक्य कुणीतरी लिहितंच. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्याच नागपूर खंडपीठानं, खाऊ घालणाऱ्यांनी कुत्री रीतसर दत्तक घ्यावीत असा आदेश दिला होता. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या भागाला स्थगिती दिली. पण तो वाद बाजूला ठेवा. मी नेलं आहे घरी. त्यानंतर काय होतं ते पत्रलेखकांनी जरूर वाचावं.

आमच्या इमारतीत लिफ्टच्या दाराशी सूचना चिकटवली आहे: ‘कुत्र्यांना लिफ्टमधून नेण्यास सक्त मनाई. आदेशावरून.’ आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. इमारतीत आणखीही पाळलेली कुत्री आहेत, पण ती तरणी आहेत, जिन्यावरून धावत जातात. ही सूचना शेरूसाठी आहे आणि हे सगळ्यांना माहीत आहे.

शेरू लॅब्राडोर आहे. हिंगणा रोडवर एका बंद दुकानाच्या ओट्यावर सापडला. मानेभोवती पट्ट्यानं केस झडून गोल खूण पडली होती आणि ‘बैस’ म्हटलं की बसत होता, म्हणजे कुणाच्या तरी घरात लाडानं वाढलेला. तोंडाजवळचे केस पांढरे, डोळ्यांत मोतीबिंदू, कानांत गोचिडांचे घोस. ज्या मुलांनी त्याला उचलला ती भाड्याच्या खोलीत राहतात, घरमालक कुत्रं ठेवू देत नाही. म्हणून मी फॉस्टर म्हणून ठेवून घेतला, बरा होऊन कायमचं घर मिळेपर्यंत. पिल्लू असतं तर आठवड्यात गेलं असतं. म्हाताऱ्या, आजारी कुत्र्याला विचारत कुणी येत नाही.

गोचीड ताप डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकानं महिनाभरात गेला. खरं दुखणं पुढे निघालं. एक्स-रेमध्ये दोन्ही खुबे झिजलेले दिसले आणि रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून बाहेर टाकायचा घटक, वाढलेलं आलं. कुत्र्याचं क्रिएटिनिन वाढलेलं दिसतं तोवर मूत्रपिंडांचं सुमारे पाऊण काम बंद पडलेलं असतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आता अडचण अशी की सांधेदुखीवर कुत्र्यांना ज्या गोळ्या देतात, त्या बहुतेक मूत्रपिंडावर ताण आणतात. म्हणजे खुबा दुखतो म्हणून गोळी द्यावी तर मूत्रपिंड जातं. (आपल्या घरातली आयब्रुफेन किंवा पॅरासिटामॉल तर कुणीही कुत्र्याला देऊ नये. अर्ध्या गोळीनं काय होतं, म्हणत लोक देतात आणि मग रक्ताची उलटी झाली की धावतात.) मग उरतं काय? वजन वाढू द्यायचं नाही, गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरू नयेत म्हणून घरभर सतरंज्या टाकायच्या, आणि जिना चढू-उतरू द्यायचा नाही. हे शेवटचं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर खाली दोन रेघा मारून लिहिलेलं आहे.

त्यात मूत्रपिंडाचा आजार म्हणजे कुत्रं सारखं पाणी पितं आणि सारखं लघवीला जातं. शेरूला कुणीतरी शिकवलेलं आहे, तो घरात करत नाही. दाराशी जाऊन उभा राहतो, रात्री दोन वाजतासुद्धा. जिना त्याला चालत नाही आणि खाली गेल्याशिवाय भागत नाही. लिफ्ट हेच त्याचं औषध आहे.

ही चिठ्ठी घेऊन मी इमारतीच्या समितीच्या सभेत गेले. ‘उचलून न्या,’ असं उत्तर मिळालं. तीस किलोचं कुत्रं, आणि मी निवृत्त बाई! भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचना दाखवल्या, त्यात पाळीव कुत्र्यांना लिफ्ट बंद करता येत नाही असं स्पष्ट आहे. त्यावर एक गृहस्थ म्हणाले, ‘तो बोर्ड लिफ्ट पुसायला येणार आहे का?’ लिफ्ट मी पुसते. हातात फडकं असतं, लिफ्ट रिकामी होईपर्यंत मी थांबते, कुणाला भीती वाटत असेल तर त्यांना आधी जाऊ देते. भीतीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, लहान मुलं घाबरतात, त्यांच्या आयांना मी कधी उलट बोललेली नाही. पण सभेत सर्वांत मोठ्या आवाजात बोलणारे हे गृहस्थ गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर कित्येक महिने लिफ्टशिवाय घराबाहेर पडले नव्हते. दुखरा सांधा घेऊन चार मजले म्हणजे काय, हे त्यांना मी सांगायचं? चौकीदार बिचारा हात जोडून म्हणतो, ‘काकू, मले सांगून ठेवलं हाये, माह्यावर नका रागावू.’ त्याच्यावर मी कशाला रागावू?

पुढे उन्हाळा आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच त्याचं अंग थंड होतं. मूत्रपिंडाचं कुत्रं त्या दिवसांत फार लवकर सुकतं. मग खिडकीच्या ग्रिलला सलाईनची बाटली टांगायची, मानेमागची कातडी चिमटीत उचलून सुई घालायची. कातडीखाली पाण्याचा फुगा येतो आणि काही तासांत जिरतो. हे मी शिकले, घरी करते, शेरू हूं की चूं करत नाही. अशी सेवा करायला तयार असलेली माणसं या शहरात आहेत. त्यांना पैसे नकोत, कौतुक नको. अडवू नका, एवढंच हवं.

आणि ज्यानं शेरूला ओट्यावर सोडलं, त्याला कायदा काय करतो? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात जनावराचे भुकेनं-तहानेनं हाल होतील असं त्याला सोडून देणं हा गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. सहा दशकं उलटून गेली. आज त्यात सलाईनची एक बाटलीसुद्धा नीट येत नाही.

ज्यांचं घर तळमजल्यावर आहे आणि दिवसभर घरात कुणीतरी असतं, त्यांनी एखादं म्हातारं कुत्रं दोन महिने ठेवून पाहावं, ही विनंती. म्हाताऱ्या कुत्र्यांना धावपळ लागत नाही, ती बहुतेक वेळ झोपतात. औषधाचा खर्च बहुधा कुत्री रस्त्यावरून उचलून आणणारी मुलंच करतात, कमी पडते ती जागा.

संपादक महोदय, एक तक्रार आपल्याबद्दलही आहे. ‘घरी न्या’ हे पत्र ज्या अंकात छापलंत, त्याच अंकाच्या छोट्या जाहिरातींत ‘लॅब पिल्ले, अस्सल, त्वरित विकणे’ अशा ओळी आहेत, खाली फक्त मोबाइल नंबर. २०१७ च्या नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याला राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. जाहिरात घेताना आपल्या खिडकीवर नोंदणी क्रमांक विचारतात का? लॅब्राडोर दहा-बारा वर्षं जगतो. शेवटची दोन-तीन वर्षं तो बऱ्याचदा औषधांवर असतो, आणि नेमका तेव्हाच रस्त्यावर येतो. नोंदणी क्रमांक नसलेली जाहिरात घेणं आपण उद्यापासून थांबवू शकता. त्याला कुठल्या सभेचा ठराव लागत नाही.

आपली नियमित वाचक,
मनीषनगर, नागपूर