विषय: श्रवणयंत्राच्या अबटमेंटभोवतीची सूज आणि परस्पर बंद केलेली तक्रार

रामबाग, इंदूर

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

माझ्या पत्नीचे दोन्ही कान लहानपणापासून वाहतात, म्हणून कानात घालायच्या यंत्राऐवजी हाडातून आवाज पोहोचवणाऱ्या श्रवणयंत्रासाठी चौदा महिन्यांपूर्वी तिच्या उजव्या कानामागच्या हाडात आपल्या कंपनीचा टायटॅनियमचा स्क्रू बसवण्यात आला. हाडाने तो आपला मानला. कातडीने मात्र मानलेला नाही. अबटमेंटभोवती, म्हणजे स्क्रूवरून कातडीबाहेर येणाऱ्या, यंत्र अडकवायच्या खुंटाभोवती, गेले चार महिने लाली आणि स्राव होता, आता लालसर मांस वाढले असून डॉक्टरांनी ही होल्गर्स श्रेणीतील (अबटमेंटभोवतीच्या कातडीचा त्रास मोजण्याच्या श्रेणीतील) तिसरी पायरी असल्याचे लिहून दिले आहे. चौथीत अबटमेंट काढावे लागते, हे आपल्याला मी सांगायला नको. मलमे झाली, स्टेरॉइडची इंजेक्शने झाली. आता अधिक उंचीचे अबटमेंट हवे आणि ते फक्त आपल्याकडेच मिळते.

मंगळवारी आपल्या प्रतिनिधीने प्रथम स्वच्छतेवर प्रवचन दिले. आपणच दिलेल्या मऊ ब्रशने ती ती जागा रोज देवाची उपकरणी घासावीत तितक्या निगुतीने साफ करते. मग ते म्हणाले, "नोंदणी मॅडमच्या नावावर आहे, त्यांनाच फोन द्या." सूज असल्याने यंत्र काढून ठेवले आहे आणि त्याविना तिला फोनवर ऐकू येत नाही, हे मी तीनदा सांगितले. "नियम आहे, सर." शेवटी मी फोन तिच्या कानाशी धरला. ती बिचारी "काय? काय म्हणता?" एवढेच विचारत राहिली. दहा मिनिटांत संदेश आला: ग्राहकाने प्रतिसाद न दिल्याने तक्रार बंद करण्यात येत आहे. श्रवणयंत्रे विकणाऱ्या कंपनीला ग्राहक बहिरा असू शकतो ही शक्यता सुचली नसावी.

यंत्र घेताना आपल्या माणसाला आमच्या घरी तीनदा यायला वेळ होता आणि तेव्हा नोंदणी कोणाच्या नावावर आहे हे कोणी विचारले नव्हते. पुन्हा सांगतो, ती जागा रोज साफ होते.

पंधरा दिवसांत अबटमेंट आमच्या डॉक्टरांकडे न पोहोचल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. शिवाय वैद्यकीय उपकरणांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवण्यासाठी 2015 पासून देशात मटेरियोव्हिजिलन्स कार्यक्रम चालू आहे. तेथे डॉक्टरांच्या कागदांसह ही घटना कळवीन.

उत्तर लेखी द्यावे. फोन करू नये.

आपला,
रुग्णाचे पती