‘साभार परत’चे आभार

आदरणीय दुसरे परीक्षक,

इंग्रजीतल्या आर्टिकलांवरचा, म्हणजे ‘अ’, ‘अॅन’, ‘द’वरचा, माझा शोधनिबंध छापायचा की नाही हे ठरवायला तुम्ही तपासलात, पण तुमचं नाव मला ठाऊक नाही आणि कळायचा मार्गही नाही. शोधनिबंध कोणाचा हे तपासणाऱ्याला कळू द्यायचं नाही आणि तपासणारा कोण हे लेखकाला, असा नियम. म्हणून हे पत्र उघड्यावर ठेवते आहे. कधी तुमच्या नजरेस पडलं आणि ‘हा तर तो आर्टिकलवाला निबंध’ असं आठवलं, तर पत्ता बरोबर लागला म्हणायचा.

मराठीने एक सोय करून ठेवली आहे. ‘तुम्ही विचारलंत’, ‘तुम्ही म्हणालात’ असं लिहीत गेलं की तुम्ही पुरुष की स्त्री हे अखेरपर्यंत उघड होत नाही. माझं बिंग मात्र पहिल्याच परिच्छेदात ‘ठेवते आहे’ने फोडलं. नियमाने जे झाकलं होतं त्यातलं निम्मं तुम्हाला आता कळलंच आहे.

तुमच्याआधी माझे दोन निबंध छापून आले होते. दोन्हींची स्वीकारपत्रं चार दिवसांत आली, एक स्वल्पविरामही न हलवता. निबंध उत्तम असणार, असा मी त्याचा अर्थ लावला. तुमचा अहवाल यायला पाच महिने लागले. साडेतीन पानं, चौदा क्रमांकित टिपणं आणि तळाशी शिफारस: प्रकाशनयोग्य नाही. जुने संपादक निदान ‘साभार परत’ म्हणायचे. मी ती फाइल आठवडाभर उघडली नाही, आणि मार्गदर्शकांना सांगितलं की परीक्षकांना विषय कळलेला दिसत नाही. ते काही बोलले नाहीत. त्यांनी अहवाल मागून घेतला, वाचला आणि सातव्या टिपणाखाली पेन्सिलीने दोन रेघा ओढून परत दिला.

निबंधातला दावा तुम्हाला आठवत नसेल. मराठीत आर्टिकल नाही, म्हणून मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांची इंग्रजीतली ‘अ’, ‘अॅन’, ‘द’ चुकतात. पंधरा पानांत मी एवढंच म्हटलं होतं. बाकी तक्ते होते. आधाराला भाषातज्ज्ञ रॉबर्ट लॅडो यांचं १९५७ सालचं पुस्तक: मातृभाषेत जे आहे ते दुसऱ्या भाषेत सोपं जातं, जे नाही ते अवघड. तुमचं दुसरं टिपण एका ओळीचं होतं. ‘हे पुस्तक लेखकाने पाहिलं आहे का?’

नव्हतं पाहिलं. ते वाक्य मी एका प्रबंधातून घेतलं होतं, त्या प्रबंधाने ते दुसऱ्या प्रबंधातून. उसनं आणलेलं पीठ पुन्हा उसनं. तुम्हाला ते कशावरून कळलं, हे मला नंतर उमगलं: पृष्ठक्रमांक चुकीचा होता, आणि तीच चूक बहुधा तुम्ही इतरांच्याही निबंधांत पाहिली असणार. मग मूळ पुस्तक मिळवून वाचलं. त्याला उत्तर म्हणून पुढे काय काय आलं तेही वाचलं. पिट कॉर्डर यांचा १९६७ सालचा लेख जेमतेम दहा पानांचा आहे आणि दहा वर्षं शिकवत असून मी तो उघडला नव्हता. चुका दोन जातींच्या असतात, हे त्यांनी त्यात वेगळं काढून दाखवलं. एक हात घसरल्याची. दाखवली की शिकणारा स्वतःच सुधारतो. दुसरी समजुतीची, तिच्यामागे शिकणाऱ्याचा स्वतःचा काहीतरी नियम असतो. मला हवी होती ती दुसरी आणि मोजत बसले होते दोन्ही एकत्र. विद्यार्थ्यांना त्यांचे निबंध परत देऊन ‘यात काही बदलावंसं वाटतं का’ असं मी विचारलंच नव्हतं.

चौथं टिपण मोजणीवर होतं. ‘कुठे चुकलं हे तुम्ही दाखवलंत, पण किती ठिकाणी बरोबर आलं?’ रॉजर ब्राउन यांनी १९७३ साली लहान मुलांच्या इंग्रजीचा अभ्यास छापला, तेव्हा जिथे एखादं रूप यायलाच हवं अशा जागा आधी हेरल्या आणि त्यांतल्या किती जागी ते आलं हे पाहिलं. नव्वद टक्के जागी आलं की ते मुलाला आलं असं धरलं. माझ्या तक्त्यात दहा वेळा ‘द’ चुकलेला विद्यार्थी कच्चा ठरत होता. त्याने शंभर वेळा ते बरोबर लिहिलं असेल तर? ते इंग्रजीतलं सर्वाधिक वापराचं पदच आहे. १९६१ साली छापलेल्या अमेरिकन मजकुरातून उचललेल्या सुमारे दहा लाख शब्दांच्या ब्राउन कॉर्पसमध्ये शंभरातले जवळपास सात शब्द ‘द’ आहेत. जास्त लिहिणारा जास्त चुकणारच. (हा ब्राउन म्हणजे विद्यापीठ आणि आधीचा ब्राउन म्हणजे माणूस. मी एका तळटिपेत दोघांना एक करून टाकलं होतं. तेही तुमच्या नजरेतून सुटलं नाही.) फेरमोजणीत अख्खी सुट्टी गेली. त्याबद्दलचे आभार थोडे कमी समजावेत.

आता सातवं टिपण. मूळ इंग्रजीत होतं. माझ्या मराठीत असं: ‘लेखकाची मातृभाषा मराठी असावी असं दिसतं. मराठीत आर्टिकल नाही, हे मान्य. मग कोणती तरी वस्तू आणि आपल्याला दोघांना माहीत असलेली वस्तू, हा फरक मराठी कसा करते?’

या प्रश्नाचं उत्तर मला येत नव्हतं. म्हणजे जिभेला येत होतं, रोज येतं. कागदावर कधी आणलं नव्हतं. इंग्रजीची पदवी, इंग्रजीची पदव्युत्तर पदवी, आणि मराठीबद्दल माझ्याकडे एकच वाक्य: ‘हिच्यात आर्टिकल नाही.’ आपल्या भाषेची ओळख तिच्यात काय नाही यावरून करून दिली होती मी, आणि तेही पंधरा पानं.

त्या रात्री वही घेऊन बसले. पहिलं जे सुचलं ते चिमणी-कावळ्याचं. ‘एक होती चिमणी, एक होता कावळा.’ इथे ‘एक’ आहे, कारण दोघं पहिल्यांदाच रंगमंचावर येताहेत. पुढे काय? ‘चिमणीचं घर होतं मेणाचं, कावळ्याचं घर होतं शेणाचं.’ ‘त्या चिमणीचं’ नाही, ‘एका चिमणीचं’ तर नाहीच. नुसती चिमणी. आणि ऐकणाऱ्या तीन वर्षांच्या पोराला कोणती चिमणी असा प्रश्न पडत नाही. इंग्रजी जिथे ‘द’ ठेवते तिथे मराठी काहीच ठेवत नाही, आणि ते रिकामेपण बोलतं.

मग एकामागून एक निघत गेलं. ‘टेबलावर पुस्तक आहे’ आणि ‘पुस्तक टेबलावर आहे’. शब्द तेच तीन. पहिल्यात पुस्तकाची बातमी मिळते. दुसऱ्यात आपण शोधत होतो ते पुस्तक सापडतं. इंग्रजीला इथे ‘अ’ आणि ‘द’ लागतात, मराठी नुसती जागा बदलते. पुढे ‘ला’. ‘ते मुलगी शोधताहेत’ म्हटलं की लग्नाचं चाललं आहे हे कोणीही ओळखेल. ‘ते मुलीला शोधताहेत’ म्हटलं की पोटात गोळा येतो. एका ‘ला’ने ‘कोणती तरी मुलगी’ची ‘ही मुलगी’ झाली. व्याकरणाच्या तासाला आपल्याला ‘ला’ म्हणजे द्वितीयेचा प्रत्यय, एवढंच घोकवलं होतं. तो कधी लागतो आणि कधी लागत नाही, हे कोणी विचारलं नाही, कारण आपलं तिथे चुकत नाही.

मराठीत आर्टिकल नाही हे खरंच. पण निश्चित-अनिश्चिताचं जे काम आर्टिकल करतं, ते मराठीत तीन-चार हात वाटून घेतात: क्रम, ‘एक’ आणि ‘तो’, ‘ला’, आणि काहीच न लावणं. माझा विद्यार्थी रिकाम्या हाताने इंग्रजीकडे जात नव्हता. त्याच्या हातात भलतीच हत्यारं होती, आणि ती मला दिसत नव्हती.

विद्यार्थ्यांच्या त्याच वह्या पुन्हा उघडल्या तेव्हा चुकाही वेगळ्या दिसायला लागल्या. ‘वन डे आय सॉ वन डॉग.’ पहिला ‘वन’ बरोबर, दुसऱ्याला मी लाल गोल केला होता आणि शेजारी ‘आर्टिकल!’ असं उद्गारचिन्हासकट लिहिलं होतं. तो तर ‘एक होता कावळा’तला ‘एक’ होता. पात्राला रीतसर आणलं होतं पोराने. दुसरीकडे, मित्राचा उल्लेख पहिल्यांदाच येतो आहे आणि लिहिलं आहे ‘द फ्रेंड’. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक विशिष्ट मित्र उभा आहे, वाचणाऱ्याला तो माहीत नाही हे तो विसरला. याबद्दल तुम्ही इओनिन, को आणि वेक्सलर यांचा २००४ सालचा अभ्यास सुचवला होतात. रशियन आणि कोरियन मातृभाषा असलेले लोकही नेमके इथेच ‘द’ घालतात, असं त्यांनी दाखवलं. त्या दोन्ही भाषांतही आर्टिकल नाही. म्हणजे ही चूक मराठीची म्हणून मिरवण्यातही अर्थ नव्हता. एकाच तक्त्यातल्या काही चुका मराठीतून आलेल्या आणि काही कुठल्याही भाषेतून येणाऱ्याच्या. त्या मी वेगळ्या केल्या तेव्हा माझा मूळ निष्कर्ष उरलाच नाही.

वर्गात मी काय बदललं, तेही सांगायला हवं. पूर्वी ‘द’ची यादी फळ्यावर यायची: नद्यांच्या नावाआधी, पर्वतरांगांच्या आधी, वर्तमानपत्रांच्या आधी. आता फळ्यावर टेबल आणि पुस्तकाची दोन मराठी वाक्यं येतात आणि मी गप्प बसते. फरक मुलंच सांगतात, पाच मिनिटांत, आणि आपल्याला व्याकरण येतं याचं त्यांना एवढं नवल वाटतं की मागचा बाकही बोलतो. याने आर्टिकलं सुधारली असं म्हणवत नाही. पेपरात ‘द’ गळतोच. फक्त गळला कुठे हे दाखवलं की पूर्वी मुलं मान खाली घालत, आता वाद घालतात.

चौदावं टिपण मला सर्वांत जास्त लागलं होतं. ‘हेच विद्यार्थी पुढच्या तासाला कथा-कादंबरी वाचतात. या निबंधाला त्याचा पत्ता नाही.’ आमच्याकडे साहित्यवाले आणि भाषावाले यांच्यात अदृश्य भिंत असते. कवितेवर काम करणारा क्रियापद मोजणाऱ्याला कारकून समजतो आणि मोजणारा त्याला हवेत बोलणारा. मी मोजणाऱ्यांच्या बाजूची. तरी तुमच्या टोमण्यापायी हेमिंग्वे यांच्या १९२९ सालच्या ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ या कादंबरीचं पहिलं वाक्य वर्गात नेलं. त्यात घराला ‘अ’ आहे, गावाला ‘अ’ आहे, आणि मग नदी, मैदान, डोंगर तिघांनाही ‘द’. कोणती नदी? सांगितलेलंच नाही. आपण तिथेच राहत होतो आणि ती आपल्याला माहीतच आहे, अशा थाटात निवेदक बोलतो. वॉकर गिब्सन यांनी १९६६ साली या ‘द’ची चिकित्सा केली होती, हे मला नंतर कळलं. वर्गाला मी फक्त म्हटलं, हे मराठीत आणा.

तास संपला तरी भांडण चालू होतं. ‘नदी’ एवढंच ठेवलं तर ती कोणतीही नदी होऊ शकते, सलगी जाते. ‘ती नदी’ म्हटलं तर सलगी फार होते. जणू आधीच्या पानावर ती येऊन गेली आहे आणि आपलंच पान चुकलं. मधलं काही मराठीत मिळेना. एका मुलीने क्रम उलटवून पाहिला, ‘नदी होती समोर, पलीकडे डोंगर’, आणि वर्ग क्षणभर थांबला. पुरतं जमलेलं नव्हतं, पण निव्वळ जागा बदलून ती ‘द’च्या जवळपास पोचली होती. सातवं आणि चौदावं टिपण एकच आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

निबंध पुढे पूर्ण नव्याने लिहिला आणि दुसरीकडे छापूनही आला. ऋणनिर्देशात तुमच्यासाठी मी सात ओळी लिहिल्या होत्या. संपादकांनी त्या कापून ‘अनामिक परीक्षकांचे आभार’ एवढंच ठेवलं. आणि ते तर त्यांच्या परीक्षकांनाच लागू पडलं. हे पत्र लिहिण्याचं खरं कारण तेच.

एक हिशेब बाकी आहे. अकराव्या टिपणात तुम्ही म्हटलंत की मराठीतल्या ‘एक’ला सरळ अनिश्चित आर्टिकल का म्हणू नये. त्याला मी अजून तयार नाही. इंग्रजीत शिक्षक असायलाही ‘अ’ लागतो. मराठीत ‘तो शिक्षक आहे’ म्हटलं की झालं. जे वाक्यात नसलं तरी चालतं, त्याला आर्टिकल म्हणायचं कसं? आता तुम्ही म्हणाल, हल्ली भाषणांत ‘एक शिक्षक म्हणून’, ‘एक नागरिक म्हणून’ सर्रास ऐकू येतं. येतं खरं. पण तो ‘एक’ चिमणी-कावळ्याचा नव्हे, इंग्रजीचा ‘अ’च मराठी कपडे घालून आला आहे, असं माझं मत. इतकी वर्षं मी मराठीतून इंग्रजीत काय झिरपतं ते मोजत होते. उलट दिशेने काय येतं तेही कोणीतरी मोजायला हवं. या पत्राच्या पहिल्या खर्ड्यात, खरं सांगते, मीच ‘एक शिक्षिका म्हणून’ असं लिहिलं होतं. वाचताना सापडला तो ‘एक’, आणि खोडला.

पुढचा निबंध याच मुद्द्यावर आहे. तो फिरून तुमच्याच टेबलावर आला, तर कृपा करून ओळख दाखवू नका.

आपली,
आर्टिकलवाल्या निबंधाची लेखिका