मातीचा तेरावा : माननीय कृषिमंत्र्यांस खुले पत्र

माननीय कृषिमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, गेल्या जूनमध्ये आमच्या भागातल्या एका सरकारी गोदामातून मला तुरीच्या बियाण्याला चोळण्यासाठी द्रवरूप रायझोबियमच्या, म्हणजे कडधान्याच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र झाडाला देणाऱ्या जिवाणूंच्या, चार बाटल्या अनुदानावर मिळाल्या. मी रजिस्टरवर सही केली, संबंधितांचे आभार मानले आणि बाटल्या ओल्या फडक्यात गुंडाळून मोटारसायकलच्या डिकीतून घरी आणल्या. जिवंत वस्तू आहे, उन्हात तापू नये, एवढीच माझी काळजी होती. ते गोदाम पत्र्याचे आहे आणि सोलापुरात मे महिन्यात पारा 43 अंशांच्या पुढे जातो, ही गोष्ट मला त्या वेळी सुचली नाही, हा माझा अडाणीपणा. मी अठ्ठावीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आहे, त्यामुळे या अडाणीपणाला क्षमा नाही.

दोन बाटल्या बियाण्याला लावल्या. पेरणी झाली, पाऊस बरा झाला, तूर गुडघ्याला आली. पंचेचाळीसाव्या दिवशी मी पाच ठिकाणची झाडे कुदळीने मातीच्या ढेकळासकट काढली, बादलीतल्या पाण्यात मुळे हलक्या हाताने धुतली आणि गाठी मोजायला बसलो. पाच झाडांवर मिळून अकरा गाठी निघाल्या. त्यांतल्या नऊ नखाने चिरल्यावर आतून पांढऱ्या फटक निघाल्या. गाठ काम करत असेल तर ती आतून गुलाबी असते, कारण आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या जवळचे एक द्रव्य तिच्यात असते आणि ते आतल्या जिवाणूला बेताने प्राणवायू पुरवते. पांढरी गाठ म्हणजे खोली बांधली, पण भाडेकरू कामाचा नाही. दरवर्षी ऑगस्टमध्ये मी वर्गात तुरीचे झाड घेऊन जायचो आणि मुलांना हीच गुलाबी गाठ चिरून दाखवायचो. या वर्षी नातवाला दाखवायला बसलो आणि त्याच्यासमोर मला गप्प बसावे लागले.

जवळच माझ्या आईने बांधाकडेला टोकलेली दहा-बारा तुरीची झाडे होती. त्यांना बाटलीतले काहीच लावलेले नव्हते. त्यांच्या एकेका मुळीवर पंधरा-वीस गाठी होत्या आणि बहुतेक गुलाबी होत्या.

तेव्हा संशय आला. उरलेल्या दोन बाटल्यांपैकी एकीवरचा तारखेचा स्टिकर कोपऱ्यात सुटलेला होता. तो सोलला तर खाली दुसरा स्टिकर आणि त्यावर वरच्या तारखेच्या चौदा महिने आधीची तारीख. ती बाटली मी स्वखर्चाने एका प्रयोगशाळेत तपासायला दिली. द्रवरूप जिवाणू खताच्या एका मिलिलिटरमध्ये किमान 10 कोटी आणि भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान 5 कोटी जिवंत पेशी असाव्यात, असे खत नियंत्रण आदेश सांगतो आणि जिवाणू खते 2006 पासून या आदेशाखाली आहेत. माझ्या बाटलीत ती संख्या दहा हजारांच्याही खाली निघाली, म्हणजे कायद्याच्या मापापेक्षा दहा हजार पटींनी कमी. दुधात पाणी घालणाऱ्यालाही इतके धाडस होत नाही.

अहवाल घेऊन मी गोदामाच्या साहेबांकडे गेलो. त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "गुरुजी, तुमच्या जमिनीचा सामू आठच्या वर आहे. तिथे बिचारे जिवाणू काय करणार?" महोदय, सोलापूरच्या काळ्या चुनखडीयुक्त जमिनीचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप (pH), आठच्या वरच असतो आणि माझ्या आईच्या बांधाचाही तेवढाच आहे.

हे साहेब बदलून जातील, दुसरे येतील, म्हणून त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो दोन वर्षांपूर्वी सोलापुरातल्या एका शेतकरी मेळाव्यात व्यासपीठावरून ऐकलेल्या आश्वासनाचा, की पुढच्या खरिपाआधी जिवाणू खते वाटपाच्या दिवशी तपासण्याची सोय जिल्ह्यात होईल. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. त्यानंतर दोन खरीप येऊन गेले.

आपणांस हे प्रकरण चार बाटल्यांचे वाटेल. मला वाटत नाही, आणि का ते सांगतो. 2015 साली देशात मृदा आरोग्य पत्रिका आली. माझ्याकडे तिच्या दोन प्रती आहेत. तिच्यात बारा गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. या बारा रकान्यांत एकही रकाना जिवंत गोष्टीचा नाही. सुपीक मातीच्या एका ग्रॅममध्ये अब्जाच्या घरात जिवाणू असू शकतात, शिवाय बुरशी आणि सूत्रकृमी वेगळे, आणि आरोग्याच्या पत्रिकेत त्यांच्या नावाची ओळ नाही. माणसाचे आरोग्य तपासताना हाडांतला चुना मोजावा आणि नाडी पाहूच नये, असा हा प्रकार आहे. बारा रकाने झाले, आता मातीचा तेरावा तेवढा घालायचा राहिला आहे, तोही सरकारी खर्चाने उरकून टाकावा. माझ्या पत्रिकेत सेंद्रिय कर्ब 0.38 टक्के लिहिला आहे आणि पुढे "कमी" असा शेरा आहे. अर्ध्या टक्क्याच्या खाली म्हणजे कमी, हे मी शिकवलेलेच आहे. तो कमी का झाला आणि वाढेल कसा, याविषयी पत्रिकेत "सेंद्रिय खत वापरा" एवढे तीन शब्द आहेत.

सेंद्रिय खत वापरा! कुठून आणू, महोदय?

वडिलांच्या वेळी आमच्या दावणीला खिलार बैलांची जोडी, दोन गाई आणि एक म्हैस होती. एका जनावराचे रोजचे शेण बारा किलो धरले तरी पाच जनावरांचे वर्षाला वीस टनांच्या वर भरते, आणि ते सगळे उकिरड्यात कुजून आमच्या सव्वातीन एकरांत जात असे. बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला, 2018-19 च्या दुष्काळात चारा नाही म्हणून एक गाय आणि म्हैस विकली, आता एकच गाय आहे. बैल ठेवावा तर परवडत नाही, आणि 2015 पासून गोवंश हत्याबंदीमुळे म्हातारा बैल विकण्याचाही मार्ग बंद झाला, म्हणून नवा बैल घेण्याचे धाडस कोणी करत नाही. शेणखताच्या ट्रॉलीला आज सहा हजार मोजून वर विनवण्या कराव्या लागतात. 30 सप्टेंबर 2024 रोजी शासनाने देशी गाईला राज्यमाता म्हणून घोषित केले, गोशाळेतल्या देशी गाईला दिवसाला 50 रुपये देण्याचे ठरवले. आनंद आहे. माझी गाय माझ्याच दावणीला राहते, त्यामुळे ती बहुधा राज्यमाता नसून घरगुती माताच असावी, कारण तिच्या नावे एक रुपयाही येत नाही. 2019 च्या पशुगणनेप्रमाणे देशात 19 कोटींहून अधिक गोवंश आहे. दहा किलोने गुणा, रोजचे 19 लाख टन शेण होते. हिशेब कच्चा आहे, पण निम्मा केला तरी डोळे फिरतात. यातले किती गोवऱ्यांत जळते, किती रस्त्यावर वाळते आणि किती मातीत परत जाते, हे सांगणारा कागद मला कोणत्याही कार्यालयात मिळाला नाही.

शेणखत मिळेना म्हणून मी डाळिंबाला कोंबडखत आणले. चूक माझी, मान्य आहे. ते कुजलेले नव्हते. ढीग करून आतले तापमान 55 अंशांच्या वर काही दिवस टिकले आणि ढीग पुन्हा पुन्हा पलटला, तर रोगजंतू आणि तणाचे बी मरते, हे मला पुस्तकातून पाठ आहे, पण बहाराचे पाणी सोडायची वेळ झाली होती आणि विकणारा "एकदम कुजलेलं आहे गुरुजी" म्हणत होता. अमोनियाचा वास नाकात घुसत होता, तरी मी विश्वास ठेवला. पुढच्या आठ महिन्यांत 410 झाडांपैकी 134 झाडे मर रोगाने गेली. सगळा दोष खताला देणार नाही. सेराटोसिस्टिस नावाची बुरशी, मुळांवरचे सूत्रकृमी, खोडाला छिद्रे पाडणारा भुंगेरा, यांची कामगिरी त्यात आहे. पण ज्या मातीत चांगली बुरशी आणि चांगले जिवाणू दाटीने राहतात, तिथे वाईटाला जागा मिळत नाही, आणि माझ्या मातीतली ती दाटी आम्हीच मोडली. तेल्या हा जिवाणूंचा रोग आला की बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचे मिश्रण, मग स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक, मर दिसली की मुळाशी बुरशीनाशकाची आळवणी आणि आठवड्याने त्याच आळ्यात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी. आधी विष ओतायचे आणि मग पाहुण्याला जेवायला बोलवायचे! स्ट्रेप्टोमायसिन 1943 साली मातीतल्याच एका सूक्ष्मजीवापासून मिळाले होते. पहिल्या पावसानंतर ज्या मृद्गंधावर आपल्याकडे कविता होतात, तो वासही त्याच्याच भाईबंदांचा. त्यांचे औषध आम्ही पाणी ओतावे तसे बागांवर ओतले.

त्या कोंबडखताने आणखी एक गोष्ट केली असावी. खत पसरताना माझ्या पत्नीच्या तळहातात डाळिंबाचा काटा मोडला. दोन दिवसांत हात कोपरापर्यंत सुजला. पहिल्या प्रतिजैविकाने ताप हलला नाही, दुसऱ्याने नाही, मग पू तपासून तिसरे दिले तेव्हा उतार पडला. अकरा दिवस दवाखाना आणि 38 हजार रुपये. हा जिवाणू कोंबडखतातूनच आला, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण ते शोधण्याची सोय माझ्याकडे नाही. पण कोंबड्यांना दिलेल्या प्रतिजैविकांचा मोठा भाग विष्ठेतून न बदलता बाहेर पडतो, आणि औषधाला दाद न देण्याचा गुण एक जिवाणू दुसऱ्याला देऊ शकतो, हे पाठ्यपुस्तकातले विज्ञान आहे. केंद्र सरकारने 2019 मध्ये कोलिस्टिन हे शेवटच्या फळीतले औषध जनावरांना आणि कोंबड्यांना देण्यास बंदी घातली, ती उगाच नाही. मग ज्या विष्ठेची भीती वाटते तीच पोत्यांत भरून, ना लेबल, ना तारीख, ना तपासणी, अशी आमच्या बांधावर कशी येते? युरियाच्या 45 किलोच्या पोत्यावर वजनापासून किमतीपर्यंत सारे छापलेले असते. कोंबडखताच्या पोत्यावर सिमेंटच्या कंपनीचे नाव असते, कारण पोते सिमेंटचे असते.

युरियाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. खतांच्या अनुदानावर देश गेली काही वर्षे दरवर्षी दीड लाख कोटींहून अधिक खर्च करतो. तो युरिया जमिनीत पडल्यावर त्याचा अमोनिया करणारे विकर जिवाणूंचे, अमोनियाचे नायट्राइट करणारे जिवाणू, नायट्राइटचे नायट्रेट करणारेही जिवाणू. सरकार पगार देते पोत्याला, काम करतात बिनपगारी, आणि त्यांची हजेरीसुद्धा कोणी घेत नाही. ही फक्त शेतीखात्याची रीत आहे असे समजू नका. जे काम करते पण दिसत नाही, ते या राज्यात कोणत्याच रजिस्टरवर नसते. बाटल्या वाटल्याची संख्या दिसते, म्हणून ती वर कळवली जाते. बाटलीतले मेलेले दिसत नाहीत. मेळावा दिसतो, म्हणून मांडव पडतो. 25 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्राने 2,481 कोटींचे नैसर्गिक शेती अभियान मंजूर केले, त्यात दहा हजार जैविक निविष्ठा केंद्रे, म्हणजे तयार जैविक खते-औषधे पुरवणारी केंद्रे, आहेत. माझी विनंती एवढीच की त्या केंद्रांची छते पत्र्याची नसावीत.

आमच्या सोलापुरात सिद्धेश्वराच्या यात्रेत होमाच्या रात्री दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरासमोर धान्य आणि पेंड ठेवतात आणि ते काय खाते, मलमूत्र करते का, यावरून पाऊसपाण्याची भाकणूक सांगतात. विज्ञानाचा शिक्षक म्हणून मी त्यावर कधी विश्वास ठेवला नाही. पण वर्षातून एकदा तरी कोणीतरी एका वासराच्या शेणाकडे टक लावून पाहते, याचे हल्ली मला कौतुक वाटू लागले आहे.

मागणे फार नाही. जिवाणू खताची मोजणी कारखान्यातून निघताना होते तशी वाटपाच्या दिवशी, गोदामातल्या बाटलीचीही व्हावी आणि आकडा दारावर लावावा. रायझोबियमला बीजाणू धरून उन्हाळा काढण्याची विद्या येत नाही, ते उष्णतेत मरते, म्हणून त्याला थंड खोली मिळावी. आमच्या जिल्ह्यात केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन 1933 पासून चालू आहे, तेव्हा जाणकार माणसांची वानवा आहे असे कोणी सांगू नये. मृदा पत्रिकेत मातीच्या श्वसनाचा एक तरी रकाना घालावा. बंद बरणीत ओली माती ठेवून ती किती कर्बवायू सोडते हे मोजायचे असते, आमच्या नववीच्या वर्गातली मुले चुन्याच्या निवळीवर हा प्रयोग करत असत. विकाऊ कोंबडखताला तारीख आणि तपासणी लागू करावी. आणि दावणीच्या गाईचे शेण जो नीट कुजवून स्वतःच्या शेतात घालतो, त्याला गोशाळेच्या निम्मे तरी द्यावे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी भोकांच्या विटांच्या टाकीत थोड्या शेणात भरपूर कचरा कुजवण्याची नाडेप पद्धत दिली, तिला ना परदेशी यंत्र लागते ना निविदा. निविदा लागत नाही म्हणूनच ती मागे पडली, असे आमच्या गावात बोलतात. मी नुसते ऐकलेले लिहितो आहे.

134 झाडांची भरपाई मी मागत नाही, ती मिळणार नाही हे मला ठाऊक आहे. पत्नीचा हात आता बरा आहे, मूठ मात्र अजून पूर्ण वळत नाही.

चौथी बाटली मी फोडलेली नाही. ती घरातल्या माठाच्या पाठीमागे, गारव्याला, ओल्या फडक्यात ठेवली आहे. तिच्यावरचा स्टिकर तसाच आहे. चौकशीला जे कोणी येतील त्यांनी चहा घ्यावा आणि तो स्वतःच्या नखाने सोलून पाहावा.

कळावे,
आपला,
उत्तर सोलापूर तालुक्यातील एक खातेदार आणि निवृत्त शिक्षक