सही करण्याआधी मीटर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘गुंतवणूक आमची, बचत तुमची’ असे सांगत सौर छत, कॉम्प्रेसरची हवा, शीतकरण आणि वीजबचतीची यंत्रणा मासिक वर्गणीवर देणाऱ्या कंपन्यांचे प्रतिनिधी हल्ली कुपवाड, मिरज, पलूसच्या औद्योगिक वसाहतींत आणि तासगावकडच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्येही येऊ लागले आहेत. पद्धत वाईट नाही. भांडवल अडकत नाही, यंत्र बंद पडले तर डोकेदुखी यंत्र पुरवणाऱ्या कंपनीची. पण सौर छताचा करार १५ ते २५ वर्षांचा असतो आणि बचतीचे आकडे त्या कंपनीच्याच एक्सेल शीटमधून येतात. आपला उद्योजक दरात घासाघीस भरपूर करतो; तो दर कशाशी ताडायचा, हे मात्र विचारत नाही.

सौर विजेचेच घ्या. प्रस्तावात महिन्याचे बिल भागिले युनिट करून ‘आज तुम्हाला युनिट ११ रुपयांना पडते, आम्ही साडेचारला देतो’ असे मांडलेले असते. त्या ११ रुपयांत डिमांड चार्जही (कमाल मागणीवर लागणारा आकार) आहे. छतावरच्या सौर विजेने तो फारसा उतरत नाही, कारण महिन्यातली एक ढगाळ दुपार किंवा एक संध्याकाळ एमडी (महिन्यातली कमाल मागणी) वर न्यायला पुरेशी होते. शिवाय मागच्या ११ महिन्यांतल्या सर्वोच्च बिलिंग डिमांडच्या ७५ टक्क्यांची अट एचटी (उच्चदाब) ग्राहकाच्या मागे असतेच. म्हणजे वाचणारे पैसे फक्त वीज आकाराचे (वापरलेल्या युनिटच्या दराचे), आणि तेही दुपारच्या विजेचे. केंद्राने २०२३ मध्ये ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती करून सौर तासांतला (उन्हाच्या वेळेतला) दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी आणि गर्दीच्या तासांतला दर व्यापारी-औद्योगिक ग्राहकांना किमान २० टक्के जास्त ठेवायला सांगितले. समजा, वीज आकार ८ रुपये ५० पैसे आहे. २० टक्के सवलतीने दुपारचे युनिट ६ रुपये ८० पैशांना पडते. वर्गणीचा दर पहिल्या वर्षी साडेचार आणि दरवर्षी ३ टक्के वाढ, असा करार केला तर पंधराव्या वर्षी तो ६ रुपये ८१ पैसे होतो. बचत संपली. ‘तोवर महावितरणचा दरही वाढेल’ असे उत्तर मिळते. वाढेलही, पण दुपारचा वाढेल की संध्याकाळचा, हे वीज नियामक आयोग ठरवणार, विक्रेता नव्हे. म्हणून वाढीची टक्केवारी ठोक न लिहिता ‘महावितरणच्या त्या वेळच्या सौर तासांतील दरापेक्षा अमुक टक्के कमी’ अशी कमाल मर्यादा करारात घालून घ्यावी.

दुसरी गोष्ट पॉवर फॅक्टरची, म्हणजे घेतलेल्या एकूण विजेतली किती खरोखर कामी येते त्या प्रमाणाची. प्रस्तावात तिचा उल्लेख क्वचितच असतो. एचटी बिल आता केव्हीएएच (घेतलेल्या एकूण विजेच्या) युनिटवर येते, तर वर्गणीवाला बिल लावतो केडब्ल्यूएच (कामी आलेल्या विजेच्या) युनिटवर. कारखान्याचा भार २०० किलोवॅट आणि पॉवर फॅक्टर ०.९५ असेल तर ग्रिडवरून २१०.५ केव्हीए येतात आणि त्यात सुमारे ६६ केव्हीएआर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण मोटारींना लागणारी वीज) असतात. दुपारी सौर यंत्रणेने १२० किलोवॅट दिले की ग्रिडवरून यायचे ८० किलोवॅट उरतात, पण ते ६६ केव्हीएआर तसेच राहतात. या दोन्हींची बेरीज (साधी नव्हे, काटकोन त्रिकोणाच्या कर्णासारखी) होते १०३.५ केव्हीए आणि पॉवर फॅक्टर घसरतो ०.७७ वर. तासाला वर्गणी भरायची १२० युनिटची, महावितरणच्या बिलातून कमी झाले १०७ (२१०.५ वजा १०३.५). उपाय अवघड नाही. एपीएफसी पॅनलचा (कॅपॅसिटर जोडून पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणाऱ्या पॅनलचा) सीटी, म्हणजे वीजप्रवाह मोजणारा ट्रान्सफॉर्मर, सौर जोडणीच्या अलीकडे, महावितरणच्या इनकमरवर (येणाऱ्या मुख्य जोडणीवर) हवा; तरच पॅनलमधल्या रिलेला ग्रिडवरून खरोखर येणारा भार दिसतो. रविवारी कारखाना बंद असताना वीज उलटी ग्रिडकडे जाते, तेव्हा साधा रिले गोंधळतो आणि कॅपॅसिटर भलत्याच वेळी जोडतो किंवा सोडतो. तिथे चार-क्वाड्रंट (दोन्ही दिशांनी वाहणारी वीज ओळखणारा) रिलेच लागतो. इंडक्शन भट्टी असेल तर कॅपॅसिटरला ७ टक्क्यांचे डिट्यून्ड रिअ‍ॅक्टर हवेत. नाहीतर हार्मोनिक्सने (भट्टीमुळे बिघडलेल्या वीजलहरींनी) कॅपॅसिटर फुगतात आणि सौर कंपनी म्हणते, आमचा संबंध नाही. हे काम आणि त्याचा खर्च कोणाकडे, ते आधी लिहून घ्यावे.

हवेच्या वर्गणीत फसगत वेगळ्या जागी होते. दर घनमीटरवर ठरतो आणि फ्लो मीटर बसतो कॉम्प्रेसर खोलीच्या दाराशी. मीटरच्या पुढच्या पाइपातली गळती ग्राहकाच्या खात्यावर. कुपवाड-पलूसच्या फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये निष्काळजी लाइनची २०–३० टक्के हवा गळतीत जाणे नवलाचे नाही. ती मोजायला पैसे लागत नाहीत. सुटीच्या दिवशी सगळी हवेची साधने बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवायचा आणि किती वेळ लोडवर (हवा भरत), किती वेळ अनलोडवर (रिकामा फिरत) राहतो ते घड्याळावर पाहायचे. दीड मिनिट लोड आणि साडेतीन मिनिटे अनलोड असेल तर गळती ३० टक्के. ५०० सीएफएमच्या (मिनिटाला ५०० घनफूट हवेच्या) यंत्रावर ही १५० सीएफएम, म्हणजे तासाला सुमारे २५५ घनमीटर हवा झाली. स्वतःचा कॉम्प्रेसर असेल तर त्यापायी अंदाजे २७ किलोवॅट जळतात. दोन पाळ्यांत दिवसाला ४३० युनिटच्या वर. वर्गणी घेतल्यावर हीच गळती हवा पुरवणाऱ्या कंपनीचा धंदा होते, ती बंद करण्यात तिला काडीचा रस नसतो. तेव्हा आधी कपलिंग, ड्रेन व्हॉल्व्ह आणि तडकलेल्या होज दुरुस्त कराव्यात, दाब खरोखर लागतो तेवढाच ठेवावा (एक बार कमी केला की साधारण ६–७ टक्के वीज वाचते) आणि मगच मासिक किमान हवेचा आकडा मान्य करावा. पुष्कळदा एवढे केल्यावर नव्या कॉम्प्रेसरची गरजच उरत नाही.

बचत वाटून घेण्याच्या करारात सगळा खेळ ‘बेसलाइन’चा, म्हणजे यंत्रणा बसवण्याआधीच्या वीजवापराच्या आकड्याचा, असतो. भट्टीचा वापर टनाला अमुक युनिट असा एकच आकडा धरला जातो, पण भट्टीला स्थिर खर्चही असतो: धातू धरून ठेवणे, कूलिंग पंप, दिवे. समजा, महिन्याला २०,००० युनिट स्थिर आणि टनाला ५६० युनिट लागतात. २५० टनांच्या मंद महिन्यात सरासरी ६४० येते, ४०० टनांच्या चांगल्या महिन्यात ६१०. बेसलाइन मंदीत मोजून ६४० धरली आणि पुढे ऑर्डर वाढल्या तर ४०० टनांवर १२,००० युनिटची ‘बचत’ कागदावर दिसते. कोणी काहीच केलेले नसताना त्यातला निम्मा वाटा कंपनी घेऊन जाते. म्हणून निदान १२ महिन्यांची टन आणि युनिटची जोडी मांडून स्थिर भाग वेगळा काढावा, भट्टीला स्वतंत्र सब-मीटर लावावा आणि त्याचा सीटी भाराला साजेसा घ्यावा. ४० अँपिअरच्या भारावर ४००/५ चा (४०० अँपिअरपर्यंतच्या भारासाठीचा) सीटी बसवला तर चूक वाढते, आणि त्या चुकीवर पुढे वर्षानुवर्षे पैसे फिरतात.

किमान वापराचे कलम आपल्या जिल्ह्याला जास्त बोचते. हळदीचे पॉलिश, साखर, बेदाणा हे सगळे हंगामी. महिन्याचा किमान वापर मान्य केला तर बिगरहंगामात न वापरलेल्या विजेचे पैसे जातात. हिशेब वर्षाचा हवा. फीडर बंद असताना सौर इन्व्हर्टर सुरक्षेसाठी आपोआप थांबतो, जनरेटरशी जोडून चालवायची खास सोय नसेल तर. त्या वेळेत ‘वीज तयार झालीच’ असे मानून पैसे मागणारी कलमे सर्रास दिसतात. ती काढायला लावावीत. २००५, २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेल्या सांगलीत इन्व्हर्टर आणि मीटर पूररेषेच्या वर बसवणे, विमा कोणाचा आणि पुरात बंद राहिलेल्या दिवसांची वर्गणी भरायची की नाही, हे तरी स्पष्ट असावे. एमआयडीसीचा भूखंड भाडेपट्ट्याचा आणि इमारत बहुधा बँकेकडे गहाण असते. छत दुसऱ्याला २० वर्षे देताना दोघांचीही लेखी संमती लागते. मध्येच करार सोडायचा झाल्यास यंत्रणेची दर वर्षाची खरेदी-किंमत सांगणारा तक्ता जोडलेला नसेल तर सही करूच नये. वादाचे लवाद केंद्र बेंगळुरू असेल तर तेही खोडावे. दोन लाखांच्या भांडणासाठी तिकडे कोण जाणार?

बँकेत पत चांगली असलेल्यांनी आणखी एक हिशेब करावा. स्वतः सौर यंत्रणा घेतली तर आयकरात ४० टक्के दराने घसारा मिळतो. वर्गणीत तो फायदा यंत्रणा देणाऱ्या कंपनीचा. नफ्यातल्या कारखान्याला कर्ज काढून यंत्रणा घेणे पुष्कळदा स्वस्त पडते. खेळते भांडवल अपुरे असलेल्यांना किंवा अमोनिया प्लँट (शीतकरणाची यंत्रणा) सांभाळायला जाणकार माणूस न मिळणाऱ्या कोल्ड स्टोअरेजला मात्र वर्गणीचा मार्ग योग्य ठरू शकतो.

जिल्ह्यातल्या औद्योगिक संघटनांनी बेसलाइन मोजण्याचा एक सामायिक नमुना आणि करारातील किमान अटींचा मसुदा सभासदांना उपलब्ध करून द्यावा. एचटी मीटरमधल्या लोड सर्व्हेच्या (ठरावीक अंतराने टिपलेल्या भाराच्या) नोंदी ग्राहकाला दरमहा, सहज उघडता येतील अशा फाइलमध्ये देण्याची सोय महावितरणने विभागीय पातळीवर करावी. वर्गणीवर यंत्रणा देणाऱ्या कंपनीच्या पोर्टलवरचा तपशील करार संपला की बंद होतो; तो मूळ स्वरूपात ग्राहकाकडे राहील, असे कलम त्या मसुद्यात पहिल्या पानावर असावे.

आपले,
औद्योगिक वीजवापर मोजणीचे काम करणारे काही तंत्रज्ञ,
मिरज-कुपवाड, जि. सांगली